गार्मिन व्हारिया आरटीएल ५१५: मागची गाडी कुठे गाठणार, हे आधी सांगणारा दिवा

ठाणे किंवा नवी मुंबईतून सायकलवर निघालं की गर्दी मागे टाकायला वेळ लागतो, पण एकदा ती मागे पडली की रस्ते फार सुंदर आहेत. बदलापूरहून बारवी धरणावरून मुरबाड, शिरसाडहून वज्रेश्वरी आणि पुढे अंबाडी, पनवेलहून नेरेमार्गे गाढेश्वर, चौकहून कर्जत, करंजाहून लाँचने रेवसला उतरून अलिबाग-रेवदंडा-काशीद. या बहुतेक रस्त्यांना डांबराची रुंदी जेमतेम दोन गाड्यांची, साइडपट्टी नावापुरती, आणि शनिवार-रविवारी त्यांच्यावर फार्महाउसला, धबधब्याला, समुद्राला निघालेल्या गाड्यांची रीघ. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं तसं गाडीतल्या गप्पांत, मोबाइलवरच्या नकाशात आणि बाहेरच्या डोंगरातही असतं.

अशा रस्त्यांसाठी सायकलच्या मागे लावायचा रडार असलेला टेल लाइट मिळतो. त्यातलं बरंच वापरात असलेलं एक मॉडेल म्हणजे गार्मिन कंपनीचं व्हारिया आरटीएल ५१५. बाजारात आलं २०२० मध्ये, अमेरिकेतली किंमत तेव्हा १९९.९९ डॉलर. आपल्याकडे तो स्वस्त नाही. म्हणून तो कुणाला उपयोगी, कुणाला नाही, आणि घेतला तर कसा लावायचा, हे नीट सांगणं गरजेचं आहे.

आधी तो करतो काय ते. लाल दिव्याच्या घरातच एक छोटं रडार आहे. मागून जवळ येणारं वाहन ते १४० मीटरपर्यंत टिपतं आणि हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरला (वेग, अंतर, नकाशा दाखवणाऱ्या छोट्या पडद्याला), घड्याळाला किंवा फोनला कळवतं. पडद्याच्या कडेला एक ठिपका दिसतो आणि गाडी जवळ येईल तसा वर सरकतो. मागून कुणी वेगाने जवळ येत नसेल तर कड हिरवी, गाडी येत असेल तर पिवळी, फार वेगाने येत असेल तर लाल. एका वेळी आठ वाहनांपर्यंत दाखवतो. सोबत एक बीप वाजते. वजन ७१ ग्रॅम, म्हणजे साध्या चांगल्या टेल लाइटहून थोडंच जास्त.

१४० मीटर हा आकडा जाहिरातीत छान दिसतो, पण सायकलवाल्याने तो सेकंदात वाचायला हवा. तुम्ही ताशी २० किमीने चालला आहात आणि मागची गाडी ६० ने येते आहे, तर फरक ४० चा. म्हणजे सेकंदाला ११ मीटर, आणि हातात साडेबारा सेकंद. गाडी ८० ने असेल तर साडेआठ सेकंद. १०० ने असेल, तर सव्वासहा. या वेळात तुम्हीही पुढे सरकत असता: पहिल्या हिशेबात साधारण ७० मीटर, दुसऱ्यात ४७. म्हणजेच बीप वाजली की गाडी तुम्हाला गाठणार ती तुम्ही आत्ता आहात तिथे नाही, पुढे ५० ते ७० मीटरवर.

या उपकरणाचं खरं मोल इथे आहे, आणि ते बहुतेक लोक वापरतच नाहीत. बीप ऐकून मागे मान वळवणं ही पहिली प्रतिक्रिया असते. त्याऐवजी आधी पुढे बघा. ७० मीटरवर अरुंद मोरी आहे का? डांबर उखडलेला पट्टा आहे का? कडेला उभी केलेली गाडी आहे का, जिचं दार उघडू शकतं? समोरून एसटी येते आहे का? यातलं काही असेल तर गाठ तिथे पडू द्यायची नाही. थोडं हळू व्हा म्हणजे गाडी आधीच पुढे निघून जाईल, किंवा हात दाखवून वेळेवर रस्त्यात आत या म्हणजे ती मोरीच्या अलीकडे मागे थांबेल. एकाच वेळी सायकल, एसटी आणि पर्यटकाची गाडी मोरीवर येणं हा या रस्त्यांवरचा सगळ्यात वाईट प्रसंग. तो टाळायला दहा-बारा सेकंद पुरतात. मागून हॉर्न ऐकू येईपर्यंत थांबलात तर दोन-तीन सेकंदच उरतात.

आणखी एक गोष्ट, कारण नवशिके इथे हमखास चुकतात: बीप वाजली म्हणून डांबर सोडून कडेच्या मातीत उतरू नका. आपल्याकडे थरावर थर घालून डांबर मातीपेक्षा तीन-चार इंच उंच झालेलं असतं. खाली उतरताना फारसं काही होत नाही. परत वर येताना पुढचं चाक त्या कडेला घासतं, वर चढत नाही, आणि सायकल रस्त्याच्या बाजूला आडवी होते, नेमकी मागच्या गाडीसमोर. कडेपासून दोन-अडीच फूट आत, सरळ रेषेत चालत राहा. मागच्या चालकाला तुमची पुढची हालचाल कळणं हेच तुमचं संरक्षण.

कुठे कामाचा, कुठे नाही

मुरबाड ते टोकावडे हा माळशेजकडे जाणारा रस्ता घ्या. बराच उघडा आणि नजर लांब जाईल असा, म्हणून गाड्या वेगात. इथे रडार पूर्ण १४० मीटरचं काम करतं. वारा समोरून असेल तर कानांना मागचं काही ऐकू येत नाही, आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा आवाज तसाही कमीच. रडारला आवाजाशी देणंघेणं नाही. रेवदंडा ते काशीद पट्ट्यातही हेच, तिथे समुद्राकडचा वारा आणि लाटांचा आवाज दोन्ही असतात. बारवी धरणाकडचा रस्ता झाडीतला आणि वळणांचा, तिथे उपयोग अर्धा.

वळणावर अर्धा का, तर रडारची नजर मागे साधारण ४० अंशांच्या कोनात जाते आणि डोंगरातून आरपार जात नाही. मागे ५० मीटरवर वळण असेल तर गाडी वळणाबाहेर आल्यावरच दिसणार. चढावर मात्र हे चालून जातं. तुम्ही ताशी ८ ने चढताय आणि गाडी ३० ने, तर ५० मीटरवर दिसली तरी आठ सेकंद मिळतात. नागमोडी वळणांच्या घाटात खालच्या टप्प्यावरची गाडी कोनाच्या बाहेर असते, ती त्याच्या लेखी नाहीच.

उतारावर उलट गंमत आहे आणि ती समजून घेतलीच पाहिजे. हे रडार जवळ येण्याचा वेग ओळखतं. फरक ताशी १० किमीच्या खाली गेला की वाहन त्याला दिसत नाही. तुम्ही घाट ४० ने उतरताय आणि मागची गाडी ४५ ने तुमच्या पाठीला लागून आहे, तर पडदा हिरवा राहू शकतो. सपाटीवरही एखादी गाडी ओव्हरटेकची संधी बघत तुमच्याच वेगाने मागे रेंगाळली की तिचा ठिपका नाहीसा होतो. हिरव्या रंगाचा अर्थ ‘मागे कुणी नाही’ असा घेतला तर हे उपकरण घातक ठरेल. त्याचा अर्थ एवढाच, की कुणी वेगाने जवळ येत नाही. उजवीकडे सरकण्याआधी आरसा किंवा मान, दोन्हीपैकी एक हवंच.

घोडबंदर रोड, ठाणे-बेलापूर रोड, शिळफाटा, जेएनपीटीकडे जाणारे कंटेनरचे रस्ते: इथे रडारचा इशारा बंद ठेवला तरी चालेल. दिवा चालू, बीप बंद. सतत मागे वाहन असताना सतत वाजणाऱ्या बीपला काही अर्थ उरत नाही, आणि दहा मिनिटांत कान ती ऐकायचं सोडून देतात. तीच सवय पुढे रिकाम्या रस्त्यावर नडते. पाम बीच रोडला पहाटे ठीक, आठनंतर नाही. सर्व्हिस रोडवरून जाताना शेजारच्या मुख्य रस्त्यावरच्या गाड्याही पडद्यावर येतात. तो दोष नाही, त्या खरोखरच मागून येत असतात.

समोरून येणाऱ्या धोक्याबद्दल या दिव्याला काहीच कळत नाही, हे वेगळं सांगायला नको. पण सांगावंसं वाटतं, कारण अरुंद रस्त्यावर समोरची गाडी डंपरला ओव्हरटेक करत तुमच्या बाजूला घुसते तेव्हा हिरवी पट्टी तशीच हिरवी असते. पावसाळ्यात धबधब्यांपाशी उभ्या गाड्या, अचानक घेतलेले यू-टर्न, रस्त्यावर पाठमोरे चालत फोटो काढणारे लोक, हे सगळं डोळ्यांनीच बघायचं. त्या दिवसांत जिल्हा प्रशासन धबधबे आणि धरणांच्या परिसरात मनाई आदेश काढतं. निघण्याआधी ठाणे आणि रायगड दोन्ही जिल्ह्यांचे आदेश बघून घ्या. अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागलं तर तीच रीघ दुसऱ्यांदा वाट्याला येते.

लावण्याची पद्धत

बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं. डब्यात सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, रबरी कड्यांनी बसवायचं माउंट येतं, त्यात दिवा पाव फेरी फिरवून बसतो. दिव्याचा चेहरा रस्त्याला काटकोनात, म्हणजे सरळ मागे बघणारा हवा. सीटपोस्ट कलता असतो, म्हणून माउंटमागे योग्य पाचर घालावी लागते. ती न घालता लावलं तर रडार रस्त्याकडे किंवा आभाळाकडे बघतं, पल्ला कमी होतो आणि लोक म्हणतात दिवा बिघडला. सायकल सपाट जागेवर उभी करून बाजूने एक फोटो काढा. त्यात दिवा तिरका आहे का, ते लगेच कळतं. उंची जमिनीपासून २५ सेमी ते १२० सेमीच्या मधे असावी.

टूरिंगला, म्हणजे सामान बांधून लांब जाताना, खरी अडचण सामानाची. सीटमागे मोठी बॅग असेल तर ती सीटपोस्ट झाकते. कॅरियरवर बॅग ठेवून वर पावसाचं कव्हर घातलं की वाऱ्यात फडफडणारं कव्हर दिव्यावर येतं. म्हणून कॅरियर असेल तर दिवा कॅरियरच्या शेपटीला लावा. चांगल्या कॅरियरला मागे रिफ्लेक्टरसाठी दोन भोकं असतात, त्यांच्यातलं अंतर ५० किंवा ८० मिमी. त्या मापाची पट्टी आणि तिच्यावर पाव फेरीचं माउंट, दोन्ही वेगळं विकत मिळतं. बोल्ट ५ मिमीचा, आतल्या बाजूला नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा), नाहीतर आपल्या रस्त्यांवर तो शंभर किलोमीटरमध्ये सैल होतो. स्वस्त कॅरियरची शेपटी पातळ पत्र्याची असते, ती थरथरते. तिथे सुतळी, झिप टाय असले उपाय चालत नाहीत, पट्टीखाली रबराचा तुकडा घाला. आणि माउंट कुठलंही असो, दिव्यापासून सीटखालच्या सळ्यांपर्यंत (रेल) एक दोरी बांधून ठेवा. गतिरोधकाच्या धक्क्याने दिवा निखळला तर तो रस्त्यावर पडून मागच्या गाडीखाली जातो.

मागच्या चाकाला मडगार्ड नसेल तर पावसाळ्यात लाल चिखलाचा थर थेट दिव्यावर बसतो. पातळ थराने रडारचं फार बिघडत नाही, दिव्याचा प्रकाश मात्र निम्मा होतो. जाड ओला चिखल दोन्ही अडवतो, कारण पाण्यातून या लहरी नीट जात नाहीत. चहाला थांबाल तेव्हा फडक्याने पुसायची सवय लावा.

पाणी आणि चार्जिंग यांचा एकत्र विचार करा. संरक्षण आयपीएक्स ७ दर्जाचं आहे: एक मीटर पाण्यात अर्धा तास. याचा अर्थ पाऊस कितीही पडो, चालेल. सायकल धुताना जोराचा फवारा थेट दिव्यावर मारला तर मात्र तो या चाचणीत येत नाही. चार्जिंगचं भोक मायक्रो यूएसबीचं, वर रबरी झाकण. झाकण नीट दाबलं नाही, किंवा ओल्या भोकात चार्जर खुपसला, तर आतले पत्रे गंजतात. अलिबाग-काशीदच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. परत आल्यावर कोरड्या कापडाने पुसून झाकण उघडं ठेवून रात्रभर वाळू द्या, मग चार्ज करा. बाकी सगळं आता टाइप सी झालेलं असताना या एका दिव्यासाठी वेगळी केबल बाळगावी लागते, हे आमच्या दृष्टीने या मॉडेलचं सगळ्यात ठळक उणेपण. मुक्कामाच्या गावात ती केबल मिळेलच अशी खात्री धरू नका.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. दिवसाच्या फ्लॅशवर १६ तास, तोच सगळ्यात प्रखर, ६५ ल्युमेन. रात्रीच्या फ्लॅशवर किंवा सलग प्रकाशावर ६ तास. गटात चालताना वापरायच्या मंद प्रकाशावर ८ तास. म्हणजे शनिवारी सकाळी पनवेल सोडून कर्जत-मुरबाडमार्गे रविवारी दुपारी ठाण्याला यायचं असेल तर दिवसाच्या फ्लॅशवर एका चार्जमध्ये होतं. संध्याकाळी उशीर झाला आणि रात्रीचा फ्लॅश लावला की गणित बदलतं, तेव्हा मुक्कामी चार्ज कराच. बॅटरी आतली आहे, घरी बदलता येत नाही. दोन-तीन वर्षांनी हे तास कमी होणार हे धरून चला.

फोन की कॉम्प्युटर

गार्मिनच्या एज मालिकेतले सायकल कॉम्प्युटर, तसेच वाहू आणि हॅमरहेडचे कॉम्प्युटर याच्याशी जोडता येतात. जोडताना दोन्ही उपकरणं तीन मीटरच्या आत ठेवा आणि दुसऱ्या कुणाच्या रडारपासून दहा मीटर दूर राहा, नाहीतर मित्राचा दिवा तुमच्या पडद्याला जोडला जातो आणि मग दिवसभर दुसऱ्याच्या मागच्या गाड्या बघत बसावं लागतं. कॉम्प्युटर नसेल तर गार्मिनचं व्हारिया ॲप फोनवर फुकट आहे.

फोनवर दोन गोष्टी बिघडतात. पहिली, फोनची बॅटरी वाचवणारी सेटिंग ॲपला मागच्या मागे बंद करते, आणि तुम्हाला वाटतं मागे कुणी नाही. त्या ॲपपुरतं हे बंधन काढून टाका आणि निघाल्यावर पहिली गाडी मागून गेली की बीप वाजली का ते तपासा. दुसरी, एप्रिल-मे महिन्यात हँडलवर उन्हात तापलेला फोन पडदा मंद करतो, कधी बंदच होतो. तेव्हा फोन खिशात ठेवून फक्त आवाजावर चालता येतं, पण वाऱ्यात खिशातला आवाज ऐकू येत नाही. मनगटावर थरथरणारं गार्मिनचं घड्याळ असेल तर सगळ्यात उत्तम. आमचं मत, कॉम्प्युटर किंवा असं घड्याळ नसेल तर आधी ते घ्या, रडार नंतर.

गटात चालताना फक्त शेवटच्या सायकलवाल्याने रडार चालू ठेवायचं. बाकीच्यांच्या रडारसमोर मागच्या सायकली आड येतात, आणि मागचा कुणी वेगाने जवळ आला की तोच वाहन म्हणून वाजतो. शेवटचा माणूस ओरडून पुढे सांगतो, ‘गाडी!’, आणि शेजारी-शेजारी चाललेले एका रांगेत येतात. यासाठी बारा सेकंद भरपूर आहेत. गाड्यांचा ताफा असेल तर एक लक्षात ठेवा: पुढची बस किंवा ट्रक मागच्या दुचाकींना झाकते. बस गेली आणि पट्टी हिरवी झाली, तरी दोन सेकंद थांबा. बस जितक्या लांबून टिपली जाते, तितक्या लांबून दुचाकी टिपली जाईलच असं नाही.

आरसा आधी

हँडलच्या टोकाला लावायचा उजव्या बाजूचा आरसा काही शे रुपयांत मिळतो. सरळ हँडलला २२.२ मिमीचा क्लँप लागतो, खाली वळलेल्या ड्रॉप हँडलला टोकाच्या भोकात बसणारा आरसा. तो बहिर्गोल असतो म्हणून गाडी आहे त्याहून लांब दिसते, आणि खडबडीत रस्त्यावर प्रतिमा थरथरते. पण रडारला न दिसणारी, तुमच्याच वेगाने मागे चाललेली गाडी आरशात दिसते, आणि चालक मोबाइल बघतोय की रस्ता हेही. ज्याच्याकडे एकच घेण्याएवढे पैसे आहेत त्याने आरसा आणि एक प्रखर साधा टेल लाइट घ्यावा, त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पहाटे पाचला गटाने निघून नऊच्या आत परतणाऱ्यांना त्याहून जास्त लागतही नाही. येऊरच्या छोट्या फेरीसाठी तर नाहीच.

रडार घ्यावं ते एकट्याने किंवा दोघांनी, सामान बांधून, शनिवार-रविवारी आठनंतरही मोकळ्या दोनपदरी रस्त्यांवर असणाऱ्यांनी. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांनी तर नक्कीच. मजीन आणि ब्रायटन या कंपन्यांचेही असे रडार दिवे आहेत. ते बघत असाल तर तुमच्या कॉम्प्युटरशी जुळतात का, एवढं आधी तपासा.

खरेदी भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच करा. परदेशातून कुणी आणून दिलेल्या दिव्याची वॉरंटी इथे चालेलच असं नाही, आणि आतली बॅटरी बिघडली तर दुरुस्तीला जागा नाही. बिलावरचा अनुक्रमांक आणि दिव्यावरचा अनुक्रमांक जुळवून घ्या. डब्यात पाचर, रबरी कड्या आणि केबल आहेत का ते दुकानातच बघा, चार्जिंगचं झाकण दोनदा उघडून लावून बघा. दिवा तुमच्या कॉम्प्युटरशी जोडून दुकानाबाहेर रस्त्याकडे पाठ करून उभे राहा आणि मागून येणारी वाहनं पडद्यावर उमटतात का ते पाहूनच पैसे द्या.